खरखरणारा पॉट आणि आळशी एलडीआर: एका व्हॉल्यूम पेडलचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणात दोघे जण आहेत. एक इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा. त्याला इथे वादक म्हणू. दुसरा त्याचा जुना मित्र, इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेला. मोजमापाच्या वेळी मी सोबत होतो, त्यामुळे खालचे आकडे माझ्या वहीतले आहेत. ओळख पटेल असं बाकी सगळं गाळलं आहे.

वादकाचं व्हॉल्यूम पेडल साध्या पद्धतीचं होतं. पायपट्टी दाबली की तिला जोडलेली दातेरी पट्टी वरखाली होते, ती एक छोटं चाक फिरवते आणि चाक पॉट, म्हणजे फिरवून रोध बदलायचा पोटेन्शिओमीटर, फिरवतं. वादक या पेडलचा वापर मुख्यतः स्वेलसाठी करतो. तार छेडताना पट्टी टाचेकडे, म्हणजे आवाज बंद. छेडून झाली की पंजाने पट्टी हळूहळू पुढे. प्लेक्ट्रमचा, म्हणजे तार छेडायच्या पत्रीचा, ‘टक’ ऐकूच येत नाही आणि सूर कुठूनतरी उगवल्यासारखा येतो. त्याच्या पेडलांच्या साखळीत आधी डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारं), मग व्हॉल्यूम, मग डिले (प्रतिध्वनी देणारं). हा क्रम पुढे फार महत्त्वाचा ठरला, कारण व्हॉल्यूम पेडलमधून जे काही निसटतं ते डिले पुन्हापुन्हा म्हणून दाखवतो.

अडचण

पॉट खरखरायला लागला होता. क्लीनरचा स्प्रे मारला की काही दिवस बरं चाले, मग पुन्हा तेच. मित्राने पेडल उघडल्यावर आधी मल्टिमीटर डीसीवर (एकाच दिशेच्या विजेवर) ठेवून पॉटच्या टोकांमध्ये व्होल्टेज आहे का ते पाहिलं. पुष्कळ जण ही पायरी गाळतात. पॉटची खरखर दोन कारणांनी येते: एक, आतला कार्बनचा पट्टा झिजलेला, दोन, आधीच्या टप्प्यातला कपॅसिटर गळत असल्याने पॉटवर डीसी बसलेलं. दुसरं कारण असेल तर पॉट नवा टाका नाहीतर एलडीआर (उजेडाने रोध बदलणारा भाग) लावा, त्रास फक्त रूप बदलतो. खरखरीच्या जागी पाय हलवला की ‘धप्प’ असा आवाज येतो. इथे डीसी जवळजवळ शून्य निघालं. पट्टाच झिजला होता, आणि तोही टाचेकडच्या त्या टप्प्यात जिथून प्रत्येक स्वेल सुरू होतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नवा पॉट. मला विचाराल तर दहापैकी नऊ वेळा हेच करावं. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढची काही वर्षं चिंता नाही. पण वादक पेडलवर रोज तासन्‌तास पाय हलवतो. हा त्याचा पहिला पॉट नव्हता आणि त्याला घासणारा भागच नको होता.

दुसरा पर्याय, सिग्नलच्या वाटेत व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमीजास्त करणारा भाग) किंवा एलएम१३७०० सारखी आयसी टाकायची आणि पायाने फक्त तिचं नियंत्रण व्होल्टेज बदलायचं. हे अचूक आणि झटपट चालतं, पण भाग वाढतात आणि गोंगाटाचा हिशेब सांभाळावा लागतो. जेएफईटी या ट्रान्झिस्टरला बदलत्या रोधासारखं वापरता येतं, पण सिग्नल जरा मोठा झाला की तो आवाज विकृत करतो, आणि डिस्टॉर्शननंतरचा सिग्नल मोठाच असतो.

तिसरा पर्याय एलडीआर. कॅडमियम सल्फाइडचा हा तुकडा उजेड पडला की रोध उतरवतो आणि अंधार झाला की चढवतो. सिग्नलच्या वाटेत घासणारं काहीच नाही. गिटारच्या जगात ही जुनीच युक्ती आहे: फेंडरच्या १९६० च्या दशकातल्या काही अ‍ॅम्प्लिफायरांच्या ट्रेमोलोत निऑन दिव्यासमोर एलडीआर असे, युनि-व्हाइबमध्ये एका लुकलुकणाऱ्या बल्बभोवती चार एलडीआर होते आणि मॉर्ली पेडलांत पॉटऐवजी दिवा, झडप आणि एलडीआर. टेलिट्रॉनिक्सच्या एलए-२ए कंप्रेसरचा आवाज ज्याच्यासाठी आजही नावाजला जातो तो भागही हाच, उजेडाने बदलणारा रोध.

वादकाने तिसरा पर्याय निवडला. मित्राची एक अट होती: एलडीआरवर बाहेरचा उजेड पडू द्यायचा नाही. खोलीतल्या उजेडावर चालणारी, हाताची सावली पाडून वाजवायची पेडलं लोक करतात आणि ती गमतीची असतात. पण ज्याला दर वेळी त्याच जागी तोच आवाज हवा, त्याने उजेड स्वतःचा आणावा आणि पेटी बंद ठेवावी.

पहिली जुळणी

सर्वांत आधी बफर, म्हणजे पुढचा भार मागच्या पेडलवर पडू न देणारा टप्पा. मूळ पेडल निष्क्रिय, म्हणजे बॅटरी न लागणारं होतं, पण एलडीआरचा विभाजक (दोन रोधांत सिग्नल वाटणारी जोडी) दहा-वीस किलोओहमच्या घरात चालतो आणि तो भार आधीच्या पेडलच्या आउटपुटवर थेट टाकला तर ट्रेबल आणि आवाज दोन्ही खाल्ले जातात. गिटारच थेट जोडली तर आणखी वाईट. म्हणून टीएल०७२ या जोड ऑप-अँप आयसीचा एक अर्धा भाग आत आणि दुसरा अर्धा बाहेर. आतल्या बाजूला २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मेगओहम बायस, म्हणजे काप (जिथून सिग्नल घटू लागतो ती वारंवारता) साधारण ७ हर्ट्झला. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झला बोलते, तेव्हा तिथे काही जात नाही. दोन बफरांच्या मधे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एलडीआरवर डीसी येऊ नये म्हणून.

विभाजक सोपा: १० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि एलडीआर त्याच्यापुढे ग्राउंडकडे. एलडीआर जीएल५५२८, त्याच्यासमोर हिरवी एलईडी. हिरवी अशासाठी की कॅडमियम सल्फाइडची संवेदनशीलता ५४० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या रंगात, सर्वांत जास्त असते. दोन्ही एका काळ्या नळीत समोरासमोर बंद. आणि एलईडीची विजेची वाट त्याच जुन्या, झिजलेल्या २५० किलोओहमच्या पॉटमधून.

हा शेवटचा भाग मला आवडला होता. पॉट खरखरला तरी एलईडी क्षणभर लुकलुकेल, आणि एलडीआर इतका सावकाश बदलतो की ती लुकलुक त्याच्या लक्षात येण्याआधीच संपेल. झालंही तसंच, खरखर गेली. पण तीन नव्या तक्रारी उभ्या राहिल्या.

एक, पूर्ण शांतता नाही. एलडीआर भरपूर उजेडात साधारण २०० ओहमवर येत होता. १० किलोओहमपुढे २०० ओहम म्हणजे सुमारे ३४ डेसिबलची घट. शांत खोलीत, डिस्टॉर्शननंतर, ३४ डेसिबल खाली गेलेला सूर स्पष्ट ऐकू येतो.

दोन, आवाजाचा सगळा चढउतार पायपट्टीच्या एका टोकाशी, बोटभर जागेत कोंबला गेला. हिशेब केला की कारण दिसतं. ९ व्होल्टमधून एलईडीचे दोन वजा करा, १ किलोओहम मालिकेत धरा. पॉट शून्यावर असताना जवळपास ७ मिलिअँपिअर, पण पॉट मध्यावर, म्हणजे १२५ किलोओहमवर, ५५ मायक्रोअँपिअर. निम्मा प्रवास संपायच्या आत एलईडी शंभरपटीहून अधिक मंद झालेली.

तीन, दुसऱ्या टोकाला एलईडी विझतच नव्हती. आजकालच्या एलईडी पंचवीस-तीस मायक्रोअँपिअरवरही अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना दिसतात, मग एलडीआरला का दिसू नयेत? त्यामुळे तो पुरेसा चढत नव्हता आणि पूर्ण आवाज मिळत नव्हता. यावर तोडगा सोपा निघाला: एलईडीला समांतर ४७ किलोओहमचा रेझिस्टर. थोडी वीज तो पिऊन टाकतो, एलईडीवरचं व्होल्टेज तिच्या पेटण्याच्या पातळीखाली जातं आणि ती खरोखर विझते.

निर्णयाचा पहिला टप्पा: भाग बदलायचा की जागा

शांतता मिळत नाही म्हटल्यावर मित्राने एलडीआर बदलायला सुरुवात केली. जीएल५५१६ लावला, जीएल५५४९ लावला, एकाच जातीचे अनेक नग मोजून त्यातला सर्वांत कमी रोधाचा निवडला. एलडीआरमध्ये नगानगात मोठा फरक असतो. माहितीपत्रकातच जीएल५५२८ चा १० लक्सवरचा रोध ८ ते २० किलोओहम असा सैल दिलेला असतो. तरी या सगळ्या खटाटोपातून दोन-चार डेसिबलपलीकडे काही हाती लागेना.

मग त्याने मालिकेतला रेझिस्टर १० वरून १०० किलोओहम केला. आता घट ५४ डेसिबल, म्हणजे टाचेकडे बऱ्यापैकी शांतता. पण ही चाचणी त्याने बाहेरचा बफर न लावता केली, आणि केबलची धारकता ५०० पिकोफॅरड धरली तरी १०० किलोओहमशी मिळून काप ३.२ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. सूर गोधडीखालून आल्यासारखा मंद. बफर परत लावल्यावर ट्रेबल आलं, पण दुसरीच गोष्ट उघडी पडली: पायपट्टी झटकन पुढे नेली तरी आवाज मागून रेंगाळत येई.

एलडीआरचा स्वभावच असा. उजेड पडला की तो काही मिलिसेकंदांत खाली येतो. उजेड गेला की वर चढायला वेळ घेतो, सुरुवातीला भराभर आणि नंतर अगदी रखडत. २०० ओहमवरून काही किलोओहमपर्यंत तो लगेच जातो. शेकडो किलोओहम गाठायला त्याला सेकंद लागतात.

या टप्प्यावर वादक म्हणाला, “अरे, तू सारखा पार्ट बदलतोयस. तो पार्ट उलट्या बाजूला लावून बघ ना.” तो इलेक्ट्रॉनिक्समधला नाही, पण सूचना नेमकी होती.

उलटी बाजू

एलडीआर मालिकेत, १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे. आता उजेड म्हणजे आवाज, अंधार म्हणजे शांतता. आवाज झटक्यात चढू लागला. पूर्ण अंधारात १ मेगओहमपुढे १० किलोओहम म्हणजे ४० डेसिबलची घट. आधीच्या ३४ पेक्षा बरी.

पण वादकासाठी ही जुळणी आधीपेक्षा वाईट ठरली. तो पायपट्टी टाचेकडे आणतो आणि लगेच पुढचा कॉर्ड छेडतो. त्या वेळी एलडीआर अजून वर चढतच असतो. ‘टक’ निसटून पुढे जातो, डिले तो उचलतो आणि चार वेळा ऐकवतो. स्वेलचा सगळा हेतूच तिथे संपला.

यातून जी गोष्ट हाती लागली तिच्यासाठी हे प्रकरण लिहावंसं वाटलं. एलडीआर किती सावकाश आहे याला फारसा अर्थ नाही. त्याचा सावकाशपणा कुठल्या डेसिबलवर पडतो ते पाहावं लागतं. एलडीआर ग्राउंडकडे असताना त्याचा रखडणारा भाग, १०० किलोओहम ते १ मेगओहम, आवाजाच्या वरच्या टोकाला येतो. मालिकेत १० किलोओहम असेल तर या सगळ्या प्रवासात आवाज पाऊण डेसिबलने बदलतो. कानाला कळतही नाही. तोच एलडीआर मालिकेत लावला की तोच रखडणारा भाग खालच्या टोकाला जातो, आणि तिथे रोध दहापट चढला की जवळपास २० डेसिबल उतरतात. म्हणजे जिथे शांतता हवी नेमका तिथेच आळस. आणि १०० किलोओहमच्या प्रयोगात आवाज का रेंगाळत होता तेही यातच आलं: निम्म्या व्होल्टेजसाठीच एलडीआरला १०० किलोओहम गाठावे लागत होते.

हा हिशेब कागदावर मांडायला पाच मिनिटं पुरतात.

दुसरा टप्पा: दोन एलडीआर

हिशेब मांडल्यावर पुढची पायरी आपोआप सुचली. एक एलडीआर मालिकेत, दुसरा ग्राउंडकडे, आणि एकावर उजेड तेव्हा दुसऱ्यावर अंधार. शिवाय मालिकेत ४७० ओहमचा एक स्थिर रेझिस्टर, कारण पायपट्टी वेगाने हलवली तर क्षणभर दोन्ही एलडीआर २०० च्या आसपास असतात आणि टीएल०७२ ची माहितीपत्रकातली आकडेवारी २ किलोओहम व त्यावरच्या भारासाठी दिलेली असते. गिटारच्या पातळीला तो एरवीही निभावून नेईल, पण ४७० ओहम टाकून काही बिघडत नाही.

आता आवाज बंद करताना काय होतं ते पाहू. ग्राउंडकडचा एलडीआर काही मिलिसेकंदांत २०० ओहमवर येतो. मालिकेतला सावकाश चढतो. तो २० किलोओहमपर्यंत पोचला, आणि तिथवर तो लवकर पोचतो, की घट ४० डेसिबल झालेली असते. एकट्या मालिकेच्या जुळणीत तोच एलडीआर त्याच २० किलोओहमवर असताना घट जेमतेम साडेनऊ डेसिबल होती. आळस तसाच आहे, पण तो ४० डेसिबलच्या खाली ढकलला गेला. आवाज उघडताना मालिकेतला झटकन उतरतो आणि ग्राउंडकडचा २ किलोओहमला आला की फक्त अडीच डेसिबल कमी उरतात. दोन्ही दिशांना जो वेगाने हलतो तोच एलडीआर काम करतो आणि दुसरा मागून येतो.

अंधार पूर्ण झाल्यावरची घट कागदावर ७४ डेसिबल निघते. मोजताना मल्टिमीटरचा तळ लागला, इतकंच सांगता येईल.

आणखी एक फायदा आम्ही गृहीत धरला नव्हता. बॅटरी उतरू लागली की एलईडी मंद होते. एकट्या एलडीआरच्या जुळणीत त्याबरोबर आवाजही सरकतो. इथे दोन्ही एलईडी मालिकेत, एकाच विजेवर आहेत (अंधार पाडायचं काम पुढे येणाऱ्या झडपेचं). दोन्ही सारख्याच मंद होतात, गुणोत्तर फारसं हलत नाही. दोन एलईडी आणि १ किलोओहम, साधारण पावणेपाच मिलिअँपिअर; टीएल०७२ चे तीनएक धरून एकूण आठच्या आत.

झडप

दोन एलईडींचा उजेड उलटसुलट कमीजास्त करायला पॉट वापरता आला असता, पण टोकाशी कोंबला जाणारा प्रवास दुप्पट झाला असता. त्याऐवजी एलईडी कायम पेटत्या ठेवायच्या आणि मधे झडप सरकवायची असं ठरलं. दातेरी पट्टी पेटीत सरळ वरखाली होतच होती. छोटं चाक आणि पॉट काढून टाकले आणि त्या पट्टीला झडप स्क्रूने बसवली. एका बाजूला दोन एलईडी, दुसऱ्या बाजूला दोन एलडीआर.

पहिली झडप अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची होती. पत्रा पातळ, कापायला सोपा, पण चकचकीत. एका एलईडीचा उजेड त्यावरून उसळून शेजारच्या एलडीआरवर जात होता. मॅट काळा रंग दिला, तो घासून उडाला. शेवटी काळ्या अपारदर्शक प्लास्टिकची केली.

झडपेत दोन चिरा, एकमेकींच्या उलट निमुळत्या. चिरेचा आकार म्हणजेच आवाजाचा चढ, त्यामुळे इथे कानसकाम महत्त्वाचं. मित्राने चिरा आधी मुद्दाम अरुंद कापल्या. फोनमधून ४०० हर्ट्झचा स्थिर सूर सोडला, मल्टिमीटर एसीवर ठेवला, पायपट्टीखाली वेगवेगळ्या जाडीच्या लाकडी चिपा सरकवून तिला चार-पाच ठिकाणी थांबवलं आणि प्रत्येक ठिकाणचं व्होल्टेज लिहिलं. मग बारीक त्रिकोणी कानशीने एक-दोन घासे, पुन्हा बसवून मोजायचं. घासलेलं परत भरून काढता येत नाही, म्हणून एकीकडे जरा जास्त गेलं की दुसऱ्या चिरेवर थोडं काम करून तोल साधायचा. कानाला दहा डेसिबल म्हणजे ढोबळमानाने दुप्पट किंवा निम्मा आवाज वाटतो, म्हणून मधल्या सर्व थांब्यांमध्ये दहाएक डेसिबलचं अंतर ठेवायचं ठरलं. वादकाने मात्र टाचेकडची पायरी मोठी मागून घेतली. त्याला शांततेतून सूर बाहेर येण्याचा भाग लांब हवा होता, मधला भाग नव्हे. पॉटमध्ये हे मागता येत नाही. ए नाहीतर बी टेपर, म्हणजे पॉटचा ठरलेला चढ, जे मिळेल ते घ्यायचं. झडपेच्या बाजूने एवढा एकच युक्तिवाद मला पुरेसा वाटतो.

उजेडाची गळती

टेबलावर उत्तम चाललेलं पेडल सरावाच्या जागी नेलं आणि खालच्या सुरांना एक खरबरीत किनार येऊ लागली. पहिला संशय ग्राउंडवर गेला. पण तारा हाताने दाबून धरल्या की पूर्ण शांतता. ग्राउंडचा हम असता तर तो वाजवताना आणि न वाजवताना सारखाच राहिला असता. हा आवाज सूर असेल तरच येत होता, आणि पायपट्टी टाचेच्या बाजूला असताना जास्त. मित्राने अंगावरचं काळं जॅकेट पेडलवर टाकलं आणि खरखर गेली.

वरचे दिवे मेन्सच्या दुप्पट वारंवारतेने, म्हणजे १०० किंवा १२० हर्ट्झने, लुकलुकत होते आणि दातेरी पट्टी ज्या भोकातून पेटीत शिरते तिथून थोडा उजेड आत येत होता. एलडीआरचा रोध त्या तालावर थरथरत होता. डीसी नसल्यामुळे नुसत्या थरथरीला आवाज नाही. सूर आला की त्याची पातळी थरथरते.

इतक्याशा उजेडाने इतका फरक का पडावा? जीएल५५२८ चा गॅमा ०.६ च्या आसपास आहे, म्हणजे प्रकाश दहापट वाढवला की रोध चौपटीने उतरतो. उलट बाजूने पाहिलं तर २०० ओहमवरून १ मेगओहमला जायला प्रकाश दहा लाखांहून अधिक पटीने कमी करावा लागतो. फटीतून आलेली एक तिरीप तेवढा अंधार सहज मोडते.

भोकाभोवती काळ्या फेल्टची कड लावली, पेटी आतून मॅट काळी केली आणि एलडीआरच्या पाठी झाकल्या. पाठीचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही: मागची चकती सिरॅमिकची असते आणि तिच्यातून उजेड झिरपतो. काळी टेप दोन थर पुरली.

नंतर स्वस्तातल्या अडॅप्टरवर तशीच किनार पुन्हा आली. या वेळी जॅकेटने काही फरक पडला नाही, म्हणजे लुकलुक आतल्या एलईडीचीच होती. त्यांच्या वाटेत १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा फिल्टर घातल्यावर ती थांबली.

निष्पत्ती

पेडल आता नियमित वापरात आहे. खरखर नाही, टाचेकडे शांतता आहे आणि स्वेल सुरू होताना ‘टक’ येत नाही. एलडीआरची एक खोड मात्र राहिली: त्याला आधीच्या उजेडाची आठवण असते. उत्पादकही मोजणीआधी तो तास-दोन तास ठरावीक उजेडात ठेवायला सांगतात. दोन्ही एलईडी कायम पेटत्या असल्या तरी बॅगेतून काढल्यावर पहिली काही मिनिटं मधल्या थांब्यांवर आवाज थोडा वेगळा असतो. वादक ट्यूनिंग करेपर्यंत तो जागेवर येतो.

वेगळं काय करता आलं असतं? एलडीआर विकत घेण्याआधी विभाजकाच्या दोन्ही बाजूंचा हिशेब कागदावर मांडला असता तर निम्मी जुळाजुळव वाचली असती. बाहेरचा बफर काढून चाचणी घ्यायचं काही कारण नव्हतं. त्याने दोन वेगळे दोष एकात मिसळले. आणि उजेडाच्या गळतीची परीक्षा टेबलावरच, पेटी बंद करून, लुकलुकणाऱ्या दिव्याखाली घेता आली असती. झडपेचा निर्णय मी तसाच ठेवेन.

मध्यंतरी एकाने अशी पेडलं करून विकायची सूचना केली. कॅडमियममुळे ते सगळीकडे चालणारं नाही. युरोपीय संघात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या घटक पदार्थांत कॅडमियमची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्का आहे, आणि व्यावसायिक ऑडिओतल्या ऑप्टोकपलरांना (दिवा आणि एलडीआर एकत्र बंद केलेल्या भागांना) दिलेली सवलत २०१३ अखेर संपली. स्वतःपुरती जुळणी करणाऱ्याने तुटका एलडीआर कानसू नये आणि कचऱ्यात फेकू नये, एवढं पाळावं.

बँडमधल्या बासवादकानेही तसंच पेडल मागितलं. त्याची गरज वेगळी: सूर मधेच कापून शांतता, लगेच पुन्हा पूर्ण आवाज, तेही तालावर. दोन एलडीआर असूनही ४० डेसिबलखालचं शेपूट बासच्या जड सुरांत ऐकू येत होतं. त्याला मित्राने पाच मिनिटं वाजवू दिलं, मग त्याचंच जुनं पेडल उघडून त्यात नवा पॉट बसवून दिला.